रमाईच्या डोक्यावरचा भार आणि आपण गाळलेला हिशेब

7 फेब्रुवारी आणि 27 मे या दोन तारखांना आपल्या वस्त्यांमध्ये लागणारे बॅनर एकदा नीट बघा. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी, पाठीमागे गोवऱ्यांचा ढीग, कोपऱ्यात सूट-बुटातले बाबासाहेब. खाली अक्षरं ठरलेली: त्यागमूर्ती, कष्टमूर्ती, माता रमाई. रात्री स्पीकरवर गाणी लागतात. गाण्यांमध्येही तीच बाई असते, उपाशी, आजारी, लेकरं मातीआड करणारी आणि तरीही तक्रार न करणारी.

हे सगळं खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. रमाबाई भीमराव आंबेडकरांच्या पाच अपत्यांपैकी चार गेली. एकटे यशवंत राहिले. 27 मे 1935 रोजी त्या स्वतः गेल्या तेव्हा चाळिशीच्याही झाल्या नव्हत्या. दारिद्र्य खरं होतं, कष्ट खरे होते. माझा प्रश्न पुढचा आहे. एका बाईच्या आयुष्यातल्या इतक्या गोष्टींपैकी नेमका भारच का निवडला गेला? कोणी निवडला? आणि ते चित्र गाण्यातून, सिनेमातून, मालिकेतून रोज घरात आल्यावर त्या घरातल्या सुनेकडून, बायकोकडून, कार्यकर्तीकडून काय मागितलं जातं?

सुरुवात मूळ कागदापासून करू. शेणींच्या भाराचा उल्लेख कोणा शाहिराच्या कल्पनेतून आलेला नाही, तो खुद्द बाबासाहेबांच्या लेखणीतून आला आहे. 3 फेब्रुवारी 1928 च्या 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. शीर्षक होतं, 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' पत्र कर्जात होतं, वाचक वर्गणी देत नव्हते आणि संपादक एकहाती रकाने भरत होता. त्या लेखात बाबासाहेब आपल्या पत्नीबद्दल सांगतात. आपण परदेशात असताना तिने प्रपंच ओढला, परत आल्यावरच्या हलाखीत शेणीचे भार डोक्यावरून वाहायला ती कचरली नाही. आणि लगेच, त्याच दमात, ते स्वतःबद्दल सांगतात की अशा स्त्रीच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता येत नाही.

हे वाक्य ज्या लेखात येतं त्याचा विषयच ऋण आहे. एक नवरा जाहीरपणे, आपल्या समाजासमोर, छापील पत्रात हिशेब मांडतो आहे की चळवळीच्या कामाचा खर्च माझ्या घरातल्या बाईने भरला, तो माझ्याकडून फिटलेला नाही आणि समाजा, तुझ्याकडूनही फिटलेला नाही. 1928 साली किती पुढाऱ्यांनी असं लिहिलं असेल? मग आपण काय केलं? वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला, म्हणजे शेणी. दुसरा अर्धा, म्हणजे नवऱ्याचं देणं, वाटेत गळाला. बाईचं कष्ट उरलं आणि पुरुषाचा हिशेब पुसला गेला.

आता दुसरा कागद. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं केलं, ते 1989 साली प्रसिद्ध झालं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा जो लिखित इतिहास आज हाताशी आहे, त्याचा पाया हे पुस्तक आहे. जानेवारी 1928 मध्ये मुंबईत आपल्या स्त्रियांचं मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या अध्यक्ष रमाबाई होत्या, ही नोंद आपल्याला या इतिहासातून मिळते. तारखा जुळवून पाहा. जानेवारीत रमाबाई स्त्रियांच्या मंडळाच्या अध्यक्ष होतात आणि फेब्रुवारीत 'बहिष्कृत भारत'मध्ये शेणींचा उल्लेख छापून येतो. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, दोन महिन्यांच्या आतल्या. यातली एक घराघरात पोहोचली. दुसरी किती जणांना माहीत आहे? अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या रमाईचं चित्र तुम्ही कोणत्या बॅनरवर पाहिलंय?

हे असं का झालं, याचं उत्तर फक्त आपल्या पुरुषांच्या मनात शोधून भागणार नाही. मराठी रंगमंच आणि पडद्याचा इतिहासही बघावा लागेल.

मराठीतली आदर्श स्त्री बराच काळ पुरुषांनीच रंगवली, अगदी शब्दशः. संगीत नाटकात स्त्रीभूमिका पुरुष करत. बालगंधर्व नऊवारी नेसून उभे राहिले की पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका त्यांच्या साडीची, केसांची, दागिन्यांची नक्कल करत. म्हणजे कुलीन बाईने कसं दिसावं हे एक पुरुष नट ठरवत होता आणि कुलीन बायका त्याच्यावरून शिकत होत्या. या चित्राची दुसरी बाजू होती फड. तमाशातली बाई महार, मांग, कोल्हाटी समाजातली. तिच्या कलेवर मालक जगले, शाहिरांची नावं झाली आणि तिच्या वाट्याला आली ती 'तसली बाई' ही ओळख. पुढे सिनेमाने हीच विभागणी उचलली. 1947 चा 'रामजोशी', 1959 चा 'सांगत्ये ऐका', 1972 चा 'पिंजरा' अशी तमाशापटांची मोठी लाट मराठीत आली. पडद्यावर नाचायला नटी बाहेरची, पण जिची म्हणून ती बदनामी झाली ती बाई आपल्या वस्तीतली. शर्मिला रेगे यांनी लावणीच्या इतिहासावर आणि शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर सविस्तर लिहिलंय. सवर्ण स्त्रीचं पावित्र्य उभं राहतं तेच मुळी खालच्या ठरवलेल्या जातीच्या बाईला उपलब्ध समजून, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

मग या बदनामीला आपल्या लोकांनी उत्तर कसं दिलं? डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवलेली साडी नेसण्याची पद्धत बदला, जाडजूड कथलाचे-चांदीचे दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला-पोराला जेवायला वाढू नका, मुलींना शिकवा. बाया दुसऱ्याच दिवशी घोट्यापर्यंत साडी नेसून आल्या, ही आठवण पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पदर तिथे बंडाचा होता. जिला अंग झाकायचा हक्क नाही असं ठरवलं होतं, तिने अंग झाकलं.

म्हणून सोज्वळ, स्वच्छ, स्वाभिमानी रमाईचं चित्र आपल्या समाजाला हवंहवंसं वाटलं यात मला काही गैर दिसत नाही. ते शिवीला दिलेलं उत्तर होतं. 'आमची आई बघा' असं छाती पुढे काढून म्हणायची ती सोय होती. अडचण पुढे झाली. बंडाचा पदर पन्नास-साठ वर्षांत शिस्तीचा पदर झाला.

भीमराव कर्डक यांच्या पिढीने 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे गाजवले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, शृंगार काढून टाकला आणि त्या जागी सत्याग्रह, शिक्षण, मंदिरप्रवेश, मेलेलं जनावर न ओढणं असे विषय आणले. जलशात बाईचं काम बहुतेक पुरुषच करत. तरी त्यातल्या स्त्रीशी वाद घातला जाई, तिला पटवून द्यावं लागे, ती प्रश्न विचारी. जात्यावरच्या ओव्यांमध्ये तर बाई स्वतःच बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा केलेल्या हजारो जात्यावरच्या ओव्यांमध्ये भीमरावांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. तिथे बाबासाहेब गाणारीचे भाऊ आहेत, पाहुणे आहेत, गाडीतून गावात येणारा आपला माणूस आहे. ओवी रचणारी स्वतःला त्या गोष्टीत ठेवते. तिला कोणी 'असं वाग' म्हणून सांगत नाही.

मोठा बदल माझ्या मते 1990 च्या आसपास झाला. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. कॅसेट स्वस्त झाल्या होत्या. भीमगीतं वस्तीतल्या स्टेजवरून थेट दुकानात आली, विकली जाऊ लागली. आणि त्याच काळात मराठी सिनेमात काय चाललं होतं? 1984 साली 'लेक चालली सासरला' आणि 1991 साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी'. अलका कुबल यांची सोसणारी सून बघायला बाया गाड्या करून तालुक्याला गेल्या आणि थिएटरात ओक्साबोक्शी रडल्या. त्यात आपल्या वस्तीतल्या बायाही होत्याच. सोसणं हाच बाईचा मोठेपणा, जितकं जास्त सोसेल तितकी ती मोठी, हा त्या सिनेमांचा व्याकरणाचा नियम. रमाईवरच्या कॅसेटी आणि नंतरच्या व्हीसीडी याच बाजारात, याच कानांसाठी तयार झाल्या. निवेदकाचा रडका आवाज, मागे सनई, लेकरू दगावल्याचा प्रसंग, पुन्हा सनई. धम्म बदलला, देव बाहेर काढले, पण सून मात्र त्या सिनेमातलीच घरात ठेवली.

पडद्यावरच्या रमाईबद्दल थोडक्यात सांगते. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (2000) या सिनेमात सोनाली कुलकर्णी यांनी ती भूमिका केली. 2011 साली 'रमाबाई भीमराव आंबेडकर' हा मराठी सिनेमा आला. 2019 मध्ये 'स्टार प्रवाह'वर 'महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली आणि पहिल्यांदाच रोज संध्याकाळी आपलं घर मराठी वाहिनीच्या मुख्य वेळेत दिसू लागलं. त्याचं मोल मी कमी करणार नाही. आपल्या पोरांनी टीव्हीवर आपली माणसं पाहिली. पण वाहिनीवरच्या मालिकेला सासू-सुनेच्या मालिकांनी घडवलेला प्रेक्षक धरून ठेवावा लागतो आणि तो प्रेक्षक सोसणारी बाई ओळखतो. ठराव मांडणारी बाई त्याला नवखी वाटते. 2020 साली 'सोनी मराठी'वर 'सावित्रीजोती' आली आणि टीआरपी मिळत नाही म्हणून त्याच वर्षी बंद पडली. शिकवणारी, लिहिणारी, 1890 साली नवऱ्याच्या अंत्ययात्रेत स्वतः पुढे होऊन अग्नी देणारी बाई या बाजाराला परवडली नाही.

इथे एक गोष्ट मनात येते ती सांगूनच टाकते. आपल्या दोन सर्वात मोठ्या आयांची आठवण आपण शेणानेच ठेवली आहे. सावित्रीबाई म्हटलं की अंगावर पडलेलं शेण आणि रमाई म्हटलं की डोक्यावरच्या शेणी. एकीचा 1854 सालचा कवितासंग्रह आहे, दुसरीच्या नावावर स्त्रियांच्या मंडळाचं अध्यक्षपद आहे. दोन्ही शेणाखाली गाडलं गेलं.

आणि ज्या बाईच्या हातात शेण बसत नव्हतं, तिचं काय केलं आपण? डॉ. सविता आंबेडकर, माईसाहेब. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टर, ब्राह्मण घरातल्या. 15 एप्रिल 1948 रोजी लग्न झालं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली. 6 डिसेंबरनंतर त्यांच्यावर जे आरोप झाले ते आजही व्हॉट्सअॅपवर फिरतात. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं निष्पन्न झालं, तरीही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी बाबासाहेबांनी 1956 च्या मार्च-एप्रिलमध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. त्यात आपल्याला जगवल्याबद्दल पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले होते. 1957 साली ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. 1980 साली भगवान दास यांनी ती उजेडात आणली. म्हणजे तेवीस वर्षं वाचकाच्या हातात जो ग्रंथ होता, त्यातून एका बायकोबद्दलची कृतज्ञता गायब होती. 1928 च्या लेखातलं अर्धं वाक्य गळालं, तसं हे आख्खं पान गळालं.

माईसाहेबांच्या जातीमुळे लोकांना संशय आला, हे समजू शकते. पण नुसतं तेवढंच नाही. आपल्या लोकस्मृतीत दोन बायका समोरासमोर उभ्या केल्या गेल्या. एक अडाणी, कष्टाळू, मुकी, म्हणून पूज्य. दुसरी शिकलेली, इंजेक्शन देणारी, पत्रव्यवहार बघणारी, भेटायला येणाऱ्यांना दारात थांबवणारी, म्हणून संशयित. हीच विभागणी मराठी सिनेमाने कुलवधू आणि फडावरची बाई अशी केली होती. पात्रं बदलली, पटकथा तीच. रमाईचं मोठेपण सांगायला माईसाहेबांना खलनायिका करावं लागतं, यात रमाईचा सन्मान कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही. 1990 साली भारतरत्न स्वीकारायला त्याच माईसाहेब राष्ट्रपतींसमोर उभ्या होत्या.

आता आजच्या घरात येऊ. मी सामाजिक कार्यात आहे, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायांसोबत बसते. आपल्या समाजातल्या बैठकीत, नातेवाईक गोल करून बसलेले असताना, मारहाण झालेल्या मुलीला सांगितलं जातं, 'रमाईने किती सोसलं, तुला एवढं नाही होत?' हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलं आहे. सांगणारे चळवळीतले, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले. मंगल परिणयात वक्ते नवरीला 'रमाई हो' असा आशीर्वाद देतात. नवऱ्या मुलाला कोणी म्हणत नाही की बायकोच्या कष्टाचा हिशेब चारचौघांत छापून दाखव. पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून मिरवणाऱ्या किती दादांचं घर बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर किंवा चार घरच्या धुण्याभांड्यांवर चालतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती रमाई. आणि तीच बाई उद्या संघटनेच्या बैठकीत जमाखर्च विचारायला उभी राहिली, तर ती काय होते? तेव्हा तिला रमाई म्हणणारा मला एकही भेटला नाही.

काही जण म्हणतील, हे लेखन म्हणजे मातेचा अपमान आहे, घरातलं भांडण बाहेर मांडणं आहे, ब्राह्मणी माध्यमांवर बोला की. त्यांच्यावर बोलणं झालंच पाहिजे आणि वर बोललेच आहे. पण बाबासाहेबांनी स्वतः काय केलं तेही बघू. 'इव्ह्ज वीकली' या इंग्रजी महिला साप्ताहिकात कोणीतरी लिहिलं की भारतातल्या स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार आहे. कायदामंत्री असलेल्या, हिंदू कोड बिलासाठी झगडणाऱ्या माणसाने एका साप्ताहिकातल्या मजकुराकडे दुर्लक्ष केलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी 'महाबोधी' नियतकालिकात सविस्तर उत्तर दिलं, तेच 'हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती'. आणि त्या उत्तरात त्यांनी फक्त मनूकडे बोट दाखवलं नाही. बौद्ध ग्रंथांतलं स्त्रियांना कमी लेखणारं वचनही समोर घेतलं, तपासलं आणि ते बुद्धाचं असू शकत नाही, भिक्खूंनी मागाहून घुसडलेलं आहे, असा युक्तिवाद केला. आपल्याच घरातला मजकूर तपासायची ही पद्धत त्यांची आहे. ती त्रिपिटकाला लागू होते, तर कॅसेटला का नाही?

20 जुलै 1942 ची नागपूरची अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद घ्या. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब म्हणाले की कोणत्याही समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मोजतो. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याच्या बरोबरीने, मैत्रीण म्हणून उभं राहावं, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा, असंही त्यांनी बजावलं. बायांनी ठराव मांडले, त्यात घटस्फोटाचा हक्क होता, बहुपत्नीत्वाला बंदी होती, गिरणी आणि विडी कारखान्यातल्या बायांना रजा आणि निवृत्तिवेतन होतं, कामावर देखरेख करायला बायाच हव्यात अशी मागणी होती.

1942 साली घटस्फोट मागणाऱ्या या बाया रमाईच्याच पिढीच्या, काही तिच्याहून थोड्या लहान. त्यांच्यावर किती गाणी आहेत? जाईबाई चौधरींनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. शांताबाई दाणी नाशिकमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं काम करत तुरुंगात गेल्या, विधान परिषदेत बसल्या, लग्न केलं नाही आणि 'रात्रंदिन आम्हा' हे आत्मचरित्र लिहून ठेवलं. एका मालिकेचे दोनशे भाग होतील इतका मजकूर त्यात आहे.

येत्या 27 मेला ज्या मंडळांचे कार्यक्रम ठरत असतील त्यांना एवढंच विचारायचं आहे की बॅनरवर 'जानेवारी 1928, महिला मंडळाच्या अध्यक्ष' ही ओळ छापायला प्रिंटिंगवाला किती जादा पैसे घेईल? आणि वक्त्यांच्या यादीत बाई असेल, तर तिला स्वागतगीताला नको, मुख्य भाषणाला उभं करा. 'बहिष्कृत भारत'मधला तो लेख समग्र वाङ्मयात आहे. तिने तो पूर्ण वाचून दाखवावा, अर्ध्या तासाच्या वाक्यासकट.